थुंकी म्हणजे पाणी नव्हे

भानूताई,

तुझं दिवसकार्य झालं आणि दुसऱ्या दिवशी मी क्लिनिक उघडलं. पहिला पेशंट म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, पुढच्या दाताचा टवका उडालेला. दहा मिनिटांत मी तीनदा न बघता डावा हात पुढे केला आणि तीनदा म्हणाले, "ताई, सक्शन." तिसऱ्या वेळी त्या गृहस्थांनी स्वतःच हात वर केला आणि आपल्याच तोंडातली थुंकी ओढणारी नळी आपणच धरली. काम संपल्यावर चूळ भरून म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका. घरी पण सगळं मलाच धरायला लागतं." तू असतीस तर नाकातून फुसकन हसली असतीस. मी पण हसले, आणि मग मास्कच्या आत रडले. मास्कचा तेवढा एक फायदा आहे.

तू कधी जन्मलीस, मागे कोण कोण आहे, किती मनमिळाऊ होतीस, हे मी लिहिणार नाहीये. ते पेपरात आलं आणि त्यातलं मनमिळाऊ वाचून मी तो बाजूला ठेवला. मनमिळाऊ कसली! एकोणीस वर्षं तू माझ्या डाव्या हाताशी स्टुलावर बसलीस आणि एकोणीस वर्षं माझ्याशी भांडलीस. त्यातलं शेवटचं भांडण अर्धं राहिलं. रविवारी सकाळी तू बंदरावरच्या घरी बोंबील उलटायला अंगणात गेलीस, छातीवर हात ठेवून खाली बसलीस, आणि आम्ही कोणी पोचायच्या आत संपलं सगळं. भांडण अर्धं टाकून जायची तुझी रीत नव्हती. म्हणून ते मी पुरं करतेय, आणि माझ्या विरुद्ध जाईल अशाच पद्धतीने पुरं करतेय.

तू मला शेवटपर्यंत "डॉक्टर, तुम्ही" म्हणालीस. मी दुसऱ्याच वर्षी "तू"वर आले. तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी, त्यामुळे बाहेरच्यांना ते खटकायचं. पण तूच सांगितलं होतंस, "ताई म्हणताय ना, मग तुम्ही कशाला? माझ्या बहिणी मला तुम्ही म्हणायला लागल्या तर मी घर सोडून पळेन." माझं माहेर चिकूच्या वाडीतलं, तुझं बंदरावरचं. मधे सायकलची दहा मिनिटं. लहानपणी आपण एकमेकींना पाहिलंही नसेल. मग पस्तिसाव्या वर्षी तू डहाणूच्या माझ्या दोन खोल्यांच्या क्लिनिकमध्ये कामाला आलीस. दाताचं काम केलंय का, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "नाय. पण तुम्ही शिकवाल तर शिकेन, आणि चुकलात तर सांगेन." मला वाटलं, बाईला बोलायची सवय आहे, होईल कमी हळूहळू.

तुला पहिला धडा मी एका काढलेल्या दातावर दिला होता. अर्ध्या दाताला निळं आम्ल लावलं, पंधरा-वीस सेकंद थांबले, धुतलं, हवेने सुकवलं. तो भाग खडूसारखा पांढरा झाला. मी तुला समजावलं की दाताचं वरचं आवरण काचेसारखं गुळगुळीत असतं, त्यावर काही चिकटत नाही. आम्लाने त्याला बारीक बारीक भोकं पडतात, डोळ्याला न दिसणारी. त्या भोकांत चिकटद्रव उतरतो, निळ्या दिव्याने घट्ट होतो, आणि मग तो दाताला सोडत नाही. तू दात बोटात धरून खिडकीपाशी नेलास. मग बोटाला थुंकी लावून ते त्या पांढऱ्या भागावर टेकवलंस. मी किंचाळलेच.

"बघतेय काय होतं ते," तू म्हणालीस. पांढरा भाग चमकला. तू फुंकर मारलीस. परत पांढरा झाला, पण पहिल्यासारखा नाही.

"हा वाळला नाय," तू म्हणालीस. "वरून वाळल्यासारखा दिसतो. बोंबील तसाच दिसतो दुसऱ्या दिवशी. उचलून पिशवीत भरला की आठ दिवसांत वास मारतो."

मी कॉलेजात पाच वर्षं काढली होती. हे वाक्य माझ्या एकाही मास्तरांनी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. थुंकीत जे चिकट द्रव्य असतं त्याचा पातळ थर क्षणात त्या भोकांवर बसतो. हवा मारली की पाणी उडतं, थर तिथेच राहतो. नुसतं पुसून किंवा धुऊन त्याची खात्री देता येत नाही. आम्ल परत लावायचं, परत धुवायचं, परत सुकवायचं, म्हणजे अख्खं काम पहिल्यापासून. पुस्तकात ते दोन ओळींत असतं. खुर्चीत मात्र त्याला पाच मिनिटं लागतात, आणि बाहेरच्या बाकावर चार माणसं घड्याळ बघत बसलेली असतात.

त्या पाच मिनिटांवरूनच आपण भांडायचो. पहिलं मोठं भांडण माझ्या मावसबहिणीच्या मुलीवरून झालं, आठवतं ना? साखरपुडा आठ दिवसांवर, आणि पोरीने बाटलीचं झाकण दाताने उघडलं. पुढचा दात अर्धा गेला. मी सगळं छान केलं होतं. चिकटद्रव लावणार एवढ्यात पोरीने आवंढा गिळला. तू म्हणालीस, "ओठ लागला, डॉक्टर." मी पुसलं, हवा मारली आणि पुढे गेले. साखरपुड्याच्या दिवशी पेढा भरवताना तो तुकडा पेढ्यासकट नवऱ्यामुलाच्या हातात आला. त्या कार्यक्रमाच्या एकाही फोटोत पोरगी तोंड उघडून हसलेली नाही. मावसबहीण आजही मला ते ऐकवते.

तू मात्र "बघा, मी सांगत होते" असं म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं उकळायला लावलीस, हात पुसलेस, आणि माझ्यासमोर उभी राहिलीस. "डॉक्टर, मी सांगितलं की थांबायचं. थांबणार नसाल तर मला नळी धरायला दुसरी बाई बघा. नुसती नळी कोणीपण धरते." मला राग आला होता. पगार मी देते आणि अटी ही घालते! पण तू गेली असतीस हे मला दिसत होतं, म्हणून मी हो म्हणाले. आज सांगते, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती आणि ती मी नाइलाजाने केली.

मग सतरा वर्षं तो नियम चालला. तू सांगितलंस की मी थांबायचे. तोंडात थुंकी सोडणाऱ्या नळांचा नकाशा तुला माझ्याहून चांगला पाठ झाला. "वरचा नळ बंद केलाय," असं म्हणत तू गालाच्या आत वरच्या दाढेसमोर कापसाची गुंडाळी ठेवायचीस, "आता जिभेखालचे दोन बघते." पेशंटला वाटायचं प्लंबर आलाय. लहान मुलांना तू सांगायचीस, "भरती येऊ द्यायची नाय हां तोंडात." आणि मुलं खरंच जीभ आवरून बसायची, डोळे मोठे करून. मोठी माणसं जास्त त्रास द्यायची. त्यांना तोंडात नळी असताना ग्रामपंचायतीवर बोलायचं असायचं. तू त्यांचा गाल धरून ठेवायचीस, अगदी सभ्यपणे, पण सुटता येऊ नये असा.

आता उधव्याची गोष्ट.

मला ते सगळं ओळीने सांगू दे, कारण तुला माहीत असलं तरी मी ते अजून एकदाही खरं खरं बोललेले नाही.

तलासरी तालुक्यातल्या शाळांमध्ये आपण जात होतोच. मुलांच्या पहिल्या पक्क्या दाढा, सहा-सात वर्षांच्या वयात येतात त्या. त्यांच्या खाचा खोल असतात आणि कीड तिथूनच आत शिरते. त्या खाचांत पातळ पांढरा लेप भरून बंद केल्या की पुढची कितीतरी दुखणी टळतात. वेवजीच्या शाळेत तू मला दिवसभरात इतक्या वेळा थांबवलंस की संध्याकाळपर्यंत जेमतेम बारा मुलं झाली. तिथले शिक्षक वैतागले, मी वैतागले, तू शांतपणे डबा खाल्लास. त्यानंतर मी नवं चिकटद्रव मागवलं. विकायला आलेला माणूस म्हणाला होता, दात थोडा ओलसर असला तरी हे धरतं. तो खोटं बोलला नव्हता. मी तेवढंच ऐकलं जेवढं मला हवं होतं.

तू बाटली हातात घेऊन फिरवून बघितलीस. "ओल्यात धरतं म्हणजे पाण्याच्या ओल्यात. थुंकी म्हणजे पाणी नाय, डॉक्टर."

"ताई, तू आता केमिस्ट्री पण शिकवणार का मला?" असं मी म्हणाले. थट्टेतच म्हणाले, पण त्या थट्टेला जरा धार होती.

उधव्याच्या आश्रमशाळेत त्या दिवशी अडतीस मुलं ओळीने बसवली होती. आपली घडीची खुर्ची वर्गात, फळ्याखाली. अकरा वाजता लाइट गेली. सक्शनचं मशीन बंद. शाळेचा जनरेटर चालू झाला, पण मशीनला पुरेसा जोर मिळेना. नळी नुसती घुरघुरायची, ओढायची नाही. कापसाच्या गुंडाळ्या तू जपून वापरत होतीस तरी दुपारी संपत आल्या. दात कोरडा ठेवायला लावतात तो रबरी पडदा त्या वयाच्या अर्धवट आलेल्या दाढेवर बसत नाही, आणि तो बघून पोरं रडतात. चौथ्या मुलीपाशी तू म्हणालीस, "ओला झाला. परत करा." मी केलं. सातव्याला परत म्हणालीस. केलं. दहाव्याला तू म्हणालीस, "आज नको, डॉक्टर. दुसऱ्या दिवशी येऊ. मशीन चालत नाय, हे काम होणार नाय." आणि मी, अख्ख्या वर्गासमोर, मुख्याध्यापक दारात उभे असताना म्हणाले, "भानूताई, तू नळी धर. बाकी मी बघते."

सतरा वर्षांत पहिल्यांदा मी तुझं पूर्ण नाव घेऊन हुकूम सोडला. तू नळी धरलीस. त्यानंतर प्रत्येक मुलाला तू हळू आवाजात "ओला" म्हणत होतीस आणि मी प्रत्येक वेळी "चालेल" म्हणत होते. ओला, चालेल. ओला, चालेल. पाचला अडतीस झाली. मुख्याध्यापकांनी हार घातला, फोटो काढला. फोटोत तू नाहीस. तू बाहेर ओट्यावर बसून हातमोजे पिशवीत भरत होतीस.

परतताना जीपमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. तलासरी गेलं, हायवे संपला, आशागड आलं तरी एक शब्द नाही. मी दोनदा काहीतरी फालतू बोलले, कोणाच्या वाडीत नवी कलमं लावलीत वगैरे. बंदराच्या फाट्यावर उतरताना तू एवढंच म्हणालीस, "ती पोरं आपल्या दारात येऊ शकत नाय, डॉक्टर. त्यांना कोण परत लावून देणार?" आणि तू माझ्या उत्तरासाठी थांबलीस. खरंच थांबलीस, जीपच्या दाराला हात लावून. मी म्हणाले, "उशीर होतोय ताई, उद्या बोलू."

उद्या आपण बोललो नाही. पुढचे तीन आठवडे तू रोज आलीस, नेहमीसारखी. क्लिनिकमध्ये ओलं झालं की थांबवलंस, मी थांबले, सगळं पूर्वीसारखं. उधव्याचा विषय मात्र तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. मी वाट बघत होते की तू काढशील, म्हणजे मला थोडं चिडता येईल आणि मग कबूल करता येईल. तुझा स्वभाव माझ्यापेक्षा सरळ. तू मला वेळ देत होतीस. आपल्याला वाटलं वेळ आहे.

तुझ्या दहाव्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, ते तुम्ही लावलेलं पोरांच्या दाढेतून निघतंय. जेवताना पांढरे पापुद्रे येतात तोंडात. पोरं घाबरलीत." मी ओसरीवर उभी होते. तुला जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि ताई, मी काय बोलले माहीत आहे? मी म्हणाले, "मटेरियलचा प्रश्न असेल गुरुजी, कधी कधी एखादी बॅच तशी निघते. बघते मी." किती सहज आलं तोंडात! मेलेल्या माणसाच्या मागे खोटं बोलणं सोपं असतं असं म्हणावं, तर तसंही नाही. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. मला तुझी आठवण येऊन रडू येत होतं की स्वतःची लाज वाटून, ते तेव्हा कळलं नाही. दोन्ही होतं. अजूनही दोन्ही आहे.

मग मी क्लिनिकमधलं तुझं कपाट धुंडाळलं. मला वाटलं, तू नक्की कुठेतरी लिहून ठेवलं असशील की कुठल्या मुलांचं जास्त ओलं होतं. कागद, वही, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, काहीतरी. सगळे खण काढले. तुझा चष्मा पुसायचा कपडा होता, एक अर्धं बिस्किट होतं, आणि बाकी हातमोजे. तू काही लिहिलं नव्हतंस. कशाला लिहिशील? तू तोंडावर सांगितलं होतंस, अडतीसपैकी एकतीस वेळा. चिठ्ठ्या मागे ठेवायची गरज न बोलणाऱ्यांना पडते.

म्हणून ठरवलं. अडतीसच्या अडतीस तपासायची, जे सुटलंय ते काढून टाकायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं. दर गुरुवारी क्लिनिक बंद. सक्शनच्या मशीनला स्वतःची बॅटरी घेतली. कापसाच्या गुंडाळ्या इतक्या नेल्या की ड्रायव्हरने विचारलं, गादी भरायची आहे का. मशीन बंद पडलं की काम बंद. मग मुख्याध्यापक दारात असोत नाहीतर कलेक्टर.

एकच गोष्ट विकत मिळेना. नर्मदा म्हणून आशागडची बाई आता कामाला येते. दोन मुलांची आई, हात स्वच्छ, नजर चांगली, तीन आठवड्यांत नळी धरायला शिकली. पण ताई, ती मला काही बोलत नाही. दात समोर चमकत असतो, तिला दिसतं, मला कळतं की तिला दिसतंय, आणि ती माझ्या तोंडाकडे बघते. "नर्मदा, ओलं वाटलं तर सांगायचं," असं मी रोज सांगते. "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम," असं ती रोज म्हणते. मी म्हणेन तसं केल्यानेच हे सगळं झालंय, हे तिला कसं समजावू? आणि मी स्वतःला ओळखते. माझा हात जलद आहे आणि मला त्याचा गर्व आहे. मला कोणी अडवलं नाही तर मी परत "चालेल" म्हणेन. या महिन्यात नाही, सहा महिन्यांनी, लाइट गेल्यावर, पाच वाजायला आल्यावर, नक्की म्हणेन.

काल पहिला गुरुवार होता.

आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. जीपमध्ये वाक्य पाठ करत गेले होते. म्हणाले, "गुरुजी, फोनवर मी मटेरियल म्हणाले. मटेरियल चांगलं होतं. दाढा ओल्या होत्या, मला सांगितलं होतं, मी पुढे रेटलं. चूक माझी आहे."

ते बिचारे माझी सुटका करायला धावले. "अहो मॅडम, लाइट गेली होती ना त्या दिवशी. होतं असं."

"लाइट गेल्यावर थांबायचं असतं."

"मग पोरांना काय सांगायचं?"

"मी सांगते," असं म्हणाले. आणि वर्गात गेल्यावर अडतीस तोंडं माझ्याकडे वळली तेव्हा म्हणाले, "दाढेचं औषध जरा सैल झालंय, ते परत लावून घेऊ या." सैल झालंय! जसं काही ते आपलं आपण झालं. मोठ्या माणसापुढे कबूल करता आलं, मुलांपुढे नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पहिली मुलगी रविता. बारीक अंगाची, केसांना भरपूर तेल, आठेक वर्षांची. खुर्चीत बसून तिने आ केला तो एकदम. उजव्या दाढेवर जुन्या लेपाचा एक कोपरा तेवढा उरला होता, बाकी खाच उघडी. टोकदार हत्याराने नुसतं उचलताच तो निघाला. मी दाढ घासली, आम्ल लावलं, मोजलं, धुतलं, सुकवलं. खडूसारखी पांढरी झाली. नर्मदाने नळी बरोबर धरली होती. मी चिकटद्रवाचा ब्रश उचलला, बुडवला, वाकले, आणि रविताने माझं मनगट धरलं.

घट्ट धरलं. मी मागे झाले. तिने गालातली गुंडाळी काढून हातात घेतली आणि म्हणाली, "जीभ लागली माझी."

मी नर्मदाकडे बघितलं. नर्मदा खाली बघत होती.

"बरं केलंस सांगितलंस," मी म्हणाले.

"मागच्या वेळी पण लागली होती," रविता म्हणाली. बारीक आवाज, पण वर्ग शांत होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या ताईंनी सांगितलं तुम्हाला. तुम्ही ऐकलं नाय."

माझ्या हातात तो ब्रश तसाच होता. त्यावरचा थेंब माझ्या मोज्यावर पडला. अडतीस मुलांना सगळं ठाऊक होतं, ताई. दोन महिने ठाऊक होतं. आपण मोठी माणसं त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो, आणि ती तोंड उघडं ठेवून, जीभ आवरून, सगळं ऐकत होती.

"हो," मी म्हणाले. "नाही ऐकलं. ताई बरोबर सांगत होत्या. मी ऐकलं असतं तर तुमचं औषध पडलं नसतं. माझी चूक झाली."

रविताने मान हलवली, राग नाही, नुसती मान. मग विचारलं, "त्या नाय आल्या?"

"त्या वारल्या."

तिने गुंडाळी माझ्या हातात दिली. "मग परत लावा ते आंबट," असं म्हणून आ केला.

मी परत आम्ल लावलं. ताई, तुझ्यामागे मी खूप ठिकाणी रडले, पण तिथे नाही रडले. तिथे डोळे कोरडे हवे होते. दाढ पांढरी झाली, तशीच पांढरी राहिली, लेप खाचेत उतरला, निळ्या दिव्याखाली घट्ट झाला. हत्याराचं टोक लावून ओढून बघितलं. हललं नाही.

मग पुढच्या मुलांना मी सांगितलं की जीभ लागली तर माझा हात धरायचा. त्यांनी तो इतक्या वेळा धरला की काही जण नुसतं मजा म्हणून धरत असावेत. मी प्रत्येक वेळी थांबले. पाचव्या मुलाच्या वेळी त्याने धरायच्या आधी नर्मदाचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा, "मॅडम, थांबा ना." मी थांबले. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "अजून मोठ्याने बोलत जा."

तुझे आभार मी कधी मानले नाहीत. दिवाळीला साडी द्यायचे, त्यात उरकायचे. आज मानते. तू मला एकोणीस वर्षं चुकू दिलं नाहीस, आणि जिथे मी चुकले तिथे तू सोबत होतीस आणि बोलत होतीस. तू गेलीस याचा मला राग आहे, तो राहील. तो असेल तोवर मी गुरुवारी उधव्याला जाईन.

चार वाजता मुख्याध्यापक दारात आले. ओळीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"मॅडम, आज सगळी होतील ना?"

"नाही होणार."

"मागच्या वेळी एका दिवसात अडतीस झाली होती."

"मागच्या वेळी एकही धड झालं नव्हतं, गुरुजी," मी म्हणाले. "आज नऊ झालीत."